सायंकाळी साडेसहाची जन्मतारीख

आपल्याकडच्या एखाद्या कार्यालयाचा डेटाबेस उघडून पाहायची संधी मिळाली, तर जन्मतारखांच्या रकान्यात कधीकधी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. तारखेपुढे वेळही नोंदलेली असते आणि ओळीमागून ओळी ती एकच असते : १८:३०. जणू गावातली सगळी माणसं संध्याकाळी साडेसहाच्या ठोक्याला जन्मली. ही वेळ कुणीही भरलेली नसते. रात्री बाराची भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत मांडली की साडेपाच तास वजा होतात आणि आदल्या दिवसाची सायंकाळ हाती येते. वेळ निरर्थकच आहे म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. तिच्या पाठोपाठ तारीखही एक दिवस मागे सरकली आहे, हे मात्र त्यामुळे नजरेतून सुटतं.

हे घडतं कसं, ते एकदा जवळून पाहू. समजा, बदलापुरातल्या एका पतपेढीत सभासद-नोंदणीचा अर्ज भरला जातो आहे. कारकून पडद्यावरच्या कॅलेंडरमध्ये १५ जून १९६८ या तारखेवर टिचकी मारतो. ते पान जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे. १९९५ साली ही भाषा आली तेव्हापासून तिच्यात 'डेट' नावाची जी वस्तू आहे, तिला नुसता दिवस समजत नाही. क्षण तेवढा समजतो. म्हणून ती १५ जूनच्या सुरुवातीची मध्यरात्र, तीही कारकुनाच्या संगणकावरच्या घड्याळाप्रमाणे, असा एक क्षण धरून बसते. आता हा अर्ज सर्व्हरकडे पाठवायचा. दोन प्रोग्राममधली ही ने-आण बहुतेक वेळा जेसन नावाच्या मांडणीत होते. जेसनमध्ये संख्या आहे, अक्षरं आहेत, होय-नाही आहे, याद्या आहेत. तारीख हा प्रकारच नाही. तेव्हा जावास्क्रिप्ट तो क्षण यूटीसीत बदलून अक्षरांत लिहून टाकतं : १९६८-०६-१४, पुढे १८:३० आणि शेवटी यूटीसीची खूण म्हणून 'झेड'. पलीकडे जावात किंवा पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम वाट पाहत असतो. त्याला फक्त दिवस हवा आहे, म्हणून तो पहिली दहा अक्षरं कापून घेतो. पंधराची चौदा झाली.

चूक कुणाची म्हणायची? जावास्क्रिप्टनं आपल्या नियमाप्रमाणेच केलं. जेसननं जे आलं ते इमानानं पोचवलं. पलीकडच्या प्रोग्रामनंही मागितलेलंच उचललं. प्रत्येक भाषेचं स्वतःचं दप्तर चोख आहे. गफलत झाली ती दोघांच्या मधल्या हद्दीवर, आणि हद्दीचा मालक कुणीच नसतो. लेखाचा सगळा रोख या मधल्या जागेवर आहे, कारण आपलं रोजचं कामकाज आता एका प्रोग्रामवर चालत नाही. एक जन्मतारीख पाच-सहा यंत्रणांतून फिरते आणि या यंत्रणा वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या कंत्राटाखाली लिहिलेल्या असतात.

शिवाय ही चूक लपते फार छान. सर्व्हरनं तो पूर्ण क्षण जसाच्या तसा ठेवला, तर त्याच ब्राउझरमध्ये परत आणल्यावर साडेपाच तास मिळवले जातात आणि पडद्यावर १५ जूनच दिसतो. अर्ज भरणारा खूश, तपासणारा खूश. काही महिन्यांनी दाखले छापायला किंवा वरच्या कार्यालयाला यादी पाठवायला कुणी तिसरा प्रोग्राम लिहितो. तो थेट डेटाबेस वाचतो आणि त्याच्या छापील यादीत १४ जून उमटतो. तोवर आधीचा कंत्राटदार बिल घेऊन गेलेला असतो. ज्या लॅपटॉपवर हे सगळं लिहिलं गेलं तिथं दोन्ही टोकांना भारतीय वेळच असते, त्यामुळे तिथं चूक बहुधा दिसतच नाही. भाड्यानं घेतलेला सर्व्हर मुंबईतच असला तरी त्याचं घड्याळ सहसा यूटीसीवर लावलेलं असतं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

एका दिवसानं काय बिघडतं, असं विचारणारे भेटतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या निवृत्तीचा नियम पाहा. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं, बहुतेकांच्या बाबतीत ५८, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो निवृत्त होतो. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर मात्र आदल्या महिन्याच्या अखेरीस. आता महाराष्ट्रात १ जून या जन्मतारखेची माणसं किती, हे वेगळं सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बसवलेल्या त्या तारखेवर एक पिढीच्या पिढी वाढदिवस साजरे करते आहे. १ जूनवाला ३१ मे रोजी निवृत्त होतो. संगणकानं त्याची तारीख ३१ मे करून टाकली, तरीही तो ३१ मेलाच निवृत्त होतो. म्हणजे जी तारीख यादीत सर्वात जास्त वेळा येते, तिथंच चूक अदृश्य राहते. १५ जूनची १४ झाली तरी निवृत्ती ३० जूनलाच. पण ज्याचा जन्म खरोखर २ जूनचा आहे, त्याची तारीख १ जून होते आणि तो ३० जूनऐवजी ३१ मेला घरी बसतो. पूर्ण एका महिन्याचा पगार गेला. हजार नोंदी तपासून 'निवृत्तीचे दिनांक बरोबर येतात' असा शेरा मारणाऱ्या तपासनिसाच्या हाती असे दोन तारखेचे लोक मोजकेच लागतात, आणि जे लागतात त्यांच्याबद्दल 'यांचीच काहीतरी कागदपत्रांची भानगड असेल' असा समज करून घेणं फार सोपं जातं.

मुळात जन्मतारीख हा क्षण नव्हेच. कालनिर्णयच्या पानावरचा तो एक चौकोन आहे. त्याला तास-मिनिटं नाहीत आणि तो अंबरनाथला जो आहे तोच न्यू जर्सीतही असायला हवा. याउलट खात्यातून पैसे वळते झाले तो क्षण असतो, आणि तो जगात कुठूनही पाहिला तरी एकच. तिसरा प्रकार आणखी निराळा : पुढच्या वर्षी अमुक तारखेला सकाळी ११ वाजता नगरपरिषदेत सुनावणी. इथं महत्त्वाची आहे ती त्या कचेरीतल्या भिंतीवरच्या घड्याळातली वेळ. उद्या देशाची प्रमाणवेळ बदलली तरी सुनावणी ११ वाजताच असेल. (हे अगदीच कल्पनेतलं नाही. ईशान्येकडच्या राज्यांसाठी दुसरी प्रमाणवेळ असावी, असा प्रस्ताव राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीच २०१८ मध्ये मांडला होता.) जावात २०१४ पासून या तिन्हींसाठी वेगवेगळे प्रकार आहेत. जावास्क्रिप्टमध्ये इतकी वर्षं सगळं एकाच 'डेट'मध्ये कोंबलं गेलं. 'टेम्पोरल' नावाची नवी रचना ब्राउझरांत आता कुठे येऊ लागली आहे. पायथनमध्ये वेळेच्या वस्तूला प्रमाणवेळेची चिठ्ठी लावता येते, पण सक्ती नाही. चिठ्ठी नसलेली वेळ सेकंदांत बदलायला सांगितली की पायथन त्या यंत्रावर जी स्थानिक वेळ असेल ती गृहीत धरतं. तोच प्रोग्राम, तीच वेळ. उल्हासनगरातल्या लॅपटॉपवर एक उत्तर आणि भाड्याच्या सर्व्हरवर साडेपाच तासांनी वेगळं.

आणि मोजणी कुठून सुरू करायची, यावरही एकमत नाही. हा प्रश्न अंबरनाथकरांना नवा वाटू नये. तिथल्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ हे वर्ष आहे, म्हणजे आजच्या हिशेबानं इसवी सन १०६०. शिलाहारांच्या काळातलं हे मंदिर एके काळी दोनशे वर्षांनी जुनं मानलं जात होतं, कारण पहिल्या अभ्यासकांनी तो आकडा ७८२ असा वाचला होता. एका अंकाचा घोटाळा आणि दोन शतकांचा फरक. छापील पुस्तकांत तो बराच काळ टिकला. शिवाय आकडा बरोबर लागला तरी काम संपत नाही. हा शक कोणता, मोजणी कोणत्या वर्षापासून, आणि लिहिलेलं वर्ष गत की वर्तमान, हे ठरवावं लागतं. जुन्या लेखांत तिथीबरोबर वारही दिलेला असला की अभ्यासकांना पडताळा घेता येतो : गणितानं वार जुळला नाही तर वाचनात किंवा गृहीतात काहीतरी चुकलं आहे. आपल्या संगणकी देवघेवीत तेवढी सोयही बहुधा ठेवलेली नसते.

संगणकांचे शक तर डझनभर आहेत. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. जावा आणि जावास्क्रिप्ट त्याच दिवसापासून, पण मिलिसेकंद. विंडोजमधल्या फायलींची वेळ १६०१ पासून मोजतात, अ‍ॅपलच्या काही रचना २००१ पासून, जीपीएसची मोजणी ६ जानेवारी १९८० पासून. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस; आणि १९०० हे लीप वर्ष नसताना एक्सेल त्या वर्षाचा २९ फेब्रुवारी मोजतं, कारण लोटस १-२-३ या तेव्हाच्या लोकप्रिय प्रोग्राममध्ये ती चूक होती आणि त्याच्या फायलींशी जुळवून घ्यायचं होतं. म्हणजे चूकच देवघेवीचा नियम होऊन बसली. मॅकवरच्या जुन्या एक्सेलची मोजणी १९०४ पासून. दोघांत १,४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाचा फरक. युनिक्सचा १,७०,००,००,००० हा आकडा सेकंद समजला तर नोव्हेंबर २०२३ येतो. तोच मिलिसेकंद समजला तर २० जानेवारी १९७०. असा घोटाळा निदान ढळढळीत दिसतो, म्हणून तो सुखाचा. एक दिवसाचा किंवा साडेपाच तासांचा घोटाळा खरा घातकी.

गत आणि वर्तमान यांचा घोळ तर जसाच्या तसा आला आहे. सी भाषेत महिना 'जानेवारीनंतर किती महिने झाले' असा मोजतात, म्हणजे जानेवारी शून्य, जून पाच. दिवस मात्र १ पासून. वर्ष १९०० नंतरचं. म्हणजे महिना आणि वर्ष गत, दिवस वर्तमान! जावाच्या जुन्या वस्तूंनी महिन्याची ही रीत उचलली, जावास्क्रिप्टनं ती जावाकडून घेतली. पायथनमध्ये जून सहावाच आहे. १ जानेवारी २००० रोजी कित्येक संकेतस्थळांवर '१९१००' असं वर्ष झळकलं होतं ते याच हिशेबामुळे : गत वर्षं शंभर, आणि त्यापुढे कुणीतरी हातानं '१९' चिकटवलेलं.

आता साडेपाच तासांकडे येऊ, कारण आपल्याकडचे जाणते प्रोग्रामर इथंच निर्धास्त होतात. अमेरिकेत-युरोपात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात, त्यामुळे तिथला प्रोग्रामर पोळलेला असतो. आपल्याकडे बारा महिने तेरा त्रिकाळ साडेपाच. म्हणून सर्व्हरवर सरसकट साडेपाच तास मिळवायचे, काम झालं. वर सांगितलेल्या घोटाळ्यावर हा इलाज सर्रास केला जातो. पण साडेपाच तास कायमचे नव्हते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी आली; मुंबई शहरानं त्यानंतरही आपली ३९ मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' स्वातंत्र्यानंतर काही वर्षांपर्यंत चालवली. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभरची घड्याळं तासभर पुढे होती, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. वेगवेगळ्या देशांच्या वेळांचा इतिहास सांभाळणाऱ्या जागतिक संग्रहात ही नोंद आहे, आणि आजचे ब्राउझर तो संग्रह वापरतात.

म्हणून १५ जून १९४३ ही जन्मतारीख कारकुनानं निवडली, तर ब्राउझर साडेपाच नव्हे तर साडेसहा तास वजा करतो : १४ जून, १७:३०. सर्व्हर आपला ठरलेला इलाज करतो, साडेपाच मिळवतो. उत्तर येतं १४ जून, रात्री ११. चूक दुरुस्त करायला लिहिलेली ओळ १९६८ च्या माणसाला वाचवते आणि १९४३ च्या माणसाला पुन्हा आदल्या दिवशी ढकलते. युद्धाच्या त्या तीन वर्षांत जन्मलेले लोक २०२२ ते २०२५ या काळात ऐंशी पूर्ण करत होते. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाला ऐंशीपासून जादा निवृत्तिवेतन मिळतं आणि ते त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतं. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला, १ जुलै १९४३ चा कुणी कामगार अशा यंत्रणेत ३० जूनचा झाला, तर जादा रक्कम एक महिना आधी सुरू होईल. आणि लेखापरीक्षणात सापडली की वसुलीची नोटीस त्याच्याच दारात येईल.

उल्हासनगरची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. महायुद्धात लष्करासाठी उभारलेला कल्याण कॅम्प, फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासितांची वसाहत, ८ ऑगस्ट १९४९ ला 'उल्हासनगर' हे नाव. या शहरातल्या सर्वात वृद्ध पिढीचं जन्मस्थान कराची, हैदराबाद सिंध, शिकारपूर असं आहे. आज तिथं यूटीसीच्या पाच तास पुढची वेळ चालते. पण ती १९५१ पासून. फाळणीआधी तिथंही साडेपाचच होती आणि युद्धात साडेसहा. कुणी हौशी प्रोग्रामर 'जन्मस्थान कराची' पाहून आजचे पाच तास लावायला गेला, तर तो अर्धा ते दीड तास चुकणार. आणि वेळ मध्यरात्रीची धरलेली असेल तर अर्धा तासही दिवस बदलायला पुरतो. ज्यांच्या जन्माचे कागद कॅम्पात येतानाच हरवले, त्यांना 'मूळ पुरावा आणा' हे सांगण्यात फारसा अर्थ नाही.

नावांचाही घोळ आहेच. जागतिक संग्रहात भारताच्या वेळेचं नाव 'एशिया/कोलकाता' आहे, जुनं 'एशिया/कलकत्ता'. क्रोम ब्राउझरला विचारलं तर तो अजून कलकत्ता म्हणतो, फायरफॉक्स कोलकाता म्हणतो, विंडोज 'इंडिया स्टँडर्ड टाइम'. दोन नावांची अक्षरं जुळवून पाहणारा प्रोग्राम हे दोन वेगळे प्रदेश समजतो. आणि नुसतं 'आयएसटी' लिहिणाऱ्यानं लक्षात ठेवावं की इस्रायल आणि आयर्लंडही तीच तीन अक्षरं वापरतात.

उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांना या कशाशी देणंघेणं नाही असं वाटेल, पण त्यांच्या गल्ल्यावर तारीख रोज तीन लिप्यांत लिहिली जाते. टॅलीमधून बाहेर पडणाऱ्या फायलीत ती सलग आठ अंकांत असते : वर्ष, महिना, दिवस. ई-इनव्हॉइसच्या जेसनमध्ये तीच दिवस, महिना, वर्ष अशी तिरप्या रेघांनी. जीएसटीआर-१ च्या जेसनमध्ये आडव्या रेघांनी. मध्ये गिऱ्हाईक एक्सेलची शीट पाठवतो. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची राहून गेली असेल, तर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल हा एक्सेलच्या लेखी ४ मे होतो, आणि एक्सेल तसं विचारतही नाही. १३/०४ ला मात्र तेरावा महिना नसल्यामुळे तो नुसता मजकूर म्हणून तसाच पडून राहतो. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या, तर उजवीकडच्या सगळ्या संशयित समजाव्यात. ज्या तारखा व्यवस्थित दिसतात त्या चुकलेल्या, आणि ज्या विस्कटलेल्या दिसतात त्या खऱ्या! हिशेबनीस स्वाभाविकपणे विस्कटलेल्या दुरुस्त करतो आणि व्यवस्थित दिसणाऱ्या तशाच वर पाठवतो. एप्रिलची विक्री मेच्या विवरणात गेली की खरेदीदाराचं इनपुट क्रेडिट अडकतं, फोनाफोनी सुरू होते आणि पेमेंट थांबतं.

तारीख आणि वेळ हा जिथं पुरावा असतो, तिथं प्रकरण याहून गंभीर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी गटांतल्या उद्योगांना सांडपाणी आणि धुराची ऑनलाइन मोजणी बसवायला सांगितलं. त्याच वर्षाच्या अखेरीस वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. अशा प्रकरणात कोणत्या घटकेला काय सोडलं गेलं, हाच प्रश्न असतो. समजा, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका मोजणी-यंत्रानं रात्रीच्या ११:४० ची नोंद भारतीय वेळेत केली आणि दुसऱ्या पुरवठादाराच्या यंत्रानं तोच क्षण यूटीसीत १८:१० असा नोंदवला. दोन्ही फायली प्रमाणवेळेचा उल्लेख न करता एका तक्त्यात आल्या, तर पाळीच बदलते. रात्रपाळीचा दोष दुसऱ्या पाळीवर जातो आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना संशयाचा फायदा मागायला जागा मिळते.

पावसाचंही तेच. हवामान खातं सकाळी ८:३० ला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं, कारण आपले ८:३० म्हणजे यूटीसीचे ठीक तीन. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस म्हणूनच खात्याच्या हिशेबात २७ जुलैच्या सकाळी संपणाऱ्या दिवसाचा आहे. ही पद्धत उत्तम आहे, अट एवढीच की पलीकडच्याला ती माहीत हवी. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली, हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नदीची पातळी, धरणातला विसर्ग आणि पाऊस यांचा मेळ घालून पुराचा अंदाज बांधणारा प्रोग्राम कुणी लिहिला, आणि त्यानं पावसाचा 'दिवस' मध्यरात्री सुरू होतो असं धरलं, तर पाऊस आणि पूर यांच्यातलं अंतर त्याला नेहमीच चुकीचं दिसेल. रेल्वेचं वेळापत्रक करणाऱ्यांनी हा प्रश्न समंजसपणे सोडवला आहे. मध्यरात्रीनंतर सुटणारी शेवटची लोकल आदल्या दिवसाच्या सेवेत मोडते, म्हणून वेळापत्रकांच्या देवघेवीसाठी जगभर चालणाऱ्या एका मांडणीत २४:३० किंवा २५:१० अशा वेळा राजरोस लिहिता येतात.

बदलापुरात फ्लॅट घेतलेल्यांसाठी एक तारीख टिपून ठेवण्यासारखी आहे. १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. ३२ बिटांच्या चिन्हांकित संख्येत सेकंद मोजणारी घड्याळं या क्षणी भरतात, आणि पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ मध्ये जातात. ही उद्याची गोष्ट नाही, आजची आहे. कारण २०१८ च्या फेब्रुवारीनंतर वीस वर्षांच्या मुदतीचं गृहकर्ज घेतलेल्या प्रत्येकाचा शेवटचा हप्ता त्या तारखेपलीकडे पडतो. मोठ्या बँकांच्या मुख्य यंत्रणा तारखा सहसा अशा साठवत नाहीत. धोका मधल्या दुव्यांत आहे : एखादं एसएमएस पाठवणारं सॉफ्टवेअर, हप्त्यांचा तक्ता काढून देणारी छोटी पायरी, किंवा मायएसक्यूएलमध्ये 'टाइमस्टॅम्प' हा प्रकार निवडून कुणी घाईत बनवलेला तक्ता.

उपाय फार हुशारीचे नाहीत, आणि मला त्यात दिलासा वाटतो. नुसता दिवस पाठवायचा असेल तर वर्ष-महिना-दिवस या दहा अक्षरांपलीकडे काहीही पाठवू नये, आणि वाटेत कुठल्याही प्रोग्रामनं त्याचा क्षण करू नये. क्षण पाठवायचा तर त्याच्यासोबत यूटीसीपासूनचं अंतर हवंच. भविष्यातली भेट पाठवायची तर प्रदेशाचं नाव हवं. आकडा पाठवायचा तर तो सेकंद की मिलिसेकंद हे त्या रकान्याच्या नावातच लिहावं. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून आहे, पण ते लिखाणाची रीत सांगतं. लिहिलेल्या गोष्टीचा अर्थ काय, हे दोन पक्षांना आपसात ठरवावंच लागतं. ज्या प्रोग्रामला संशयास्पद तारीख मिळाली त्यानं अंदाज बांधू नये, ती परत पाठवावी. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान समजूतदारपणे अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामांनीच केलं आहे.

हे आत्ताच म्हणण्याचं कारण १ ऑक्टोबर २०२३. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातली दुरुस्ती त्या दिवशी लागू झाली. त्या दिवशी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी, आधार या सगळ्यांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. आजवर माणसाच्या चार कागदांवर दोन तारखा असायच्या आणि त्याचा त्याला भरपूर मनस्ताप व्हायचा, पण त्या विसंगतीमुळेच कुठंतरी चूक आहे हे तरी कळायचं. आता तारीख एका उगमापासून सगळीकडे वाहणार. उगमाशीच एक दिवस सरकला, तर सगळे कागद एकमेकांशी तंतोतंत जुळतील आणि सगळे चूक असतील. आधारवर जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते, हेही त्यात धरा.

उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा आपापल्या कामांसाठी वेळोवेळी सॉफ्टवेअर घेतात, पुरवठादार बदलतात, जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत ओततात. निविदेत किती संगणक, किती वापरकर्ते, किती दिवसांत काम हे बारकाईनं असतं; तारीख कोणत्या रूपात हस्तांतरित होईल, यावर एखादी ओळ असावी. आणि ओतण्याचं काम झालं, की बिल मंजूर करण्याआधी एक तपासणी करावी. सबंध नोंदी पाहायची गरज नाही. रुग्णालयांच्या कागदी नोंदवह्यांतून फक्त महिन्याच्या १ तारखेचे जन्म काढायचे आणि संगणकात ते आदल्या महिन्यात गेले आहेत का, एवढं पाहायचं. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीच्या नोंदी त्यात जरूर घ्याव्यात. दोन कारकून आणि एक दुपार यात हे काम होतं.